गडग्यापलीकडचा माणूस

ताई,

देवगड तालुक्यात आमची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. वडिलांनी लावलेली, गेली अठरा वर्षं मी बघतो. एप्रिल-मेमध्ये दिवसभर आंबा उतरवणं, पेट्या भरणं चालतं आणि रात्री राखणीला मांगरात बसलो की हातात मोबाइल. कुणीतरी व्हिडिओ टाकतो की आंबा पाण्यात टाका, तरंगला तर तो कार्बाइडने पिकवलेला. त्याच्याखाली शेकडो माणसं लिहितात की कोकणातले बागायतदार लोकांना विष चारतात. मला राहवत नाही. मी लिहितो, समोरचा उलट लिहितो, रात्रीचे दोन वाजतात. यंदा एकाशी नऊ रात्री चाललं. तो कुठला, काय करतो, काही माहीत नाही. बायको म्हणते, “तो तुमचो कोण सोयरो की धायरो? तुमी कित्याक जीव जाळतास?” शेवटच्या रात्री त्याने लिहिलं, ‘तुझ्या बापानेही असंच लुटलं असणार.’ वडील जाऊन दोन वर्षं झाली. मी त्याच्या आईवरून लिहिलं. तसा शब्द मी तोंडाने कधी काढलेला नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिने ते वाचलं. मला काही बोलली नाही, पण मला कळलं. अनोळखी माणसांशी असा वाद घालून काही साध्य होतं का? की हे सगळं कायमचं बंद करू?

— एक बागायतदार


भाऊ,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. प्रश्न शेवटी आहे, पण पत्राचा सगळा भार त्याच्या आधीच्या चार ओळींवर आहे. तिथे येतेच. आधी प्रश्नाचं उत्तर सरळ देते, कारण तुम्ही तो सरळ विचारलाय. होय, साध्य होतं. पण जे काही साध्य झालं असेल ते पहिल्या रात्रीच्या तुमच्या पहिल्या उत्तरात झालं. पुढच्या आठ रात्रींत फक्त खर्च झाला: झोपेचा, तब्येतीचा आणि शेवटी जिभेचा.

आंब्याचं आधी बोलू. तिथे तुम्ही बरोबर आहात, आणि नऊ रात्रींत तेवढं वाक्य तुम्हाला कुणी म्हटलेलं नसणार. पाण्याची परीक्षा आहे, पण ती वेगळ्या गोष्टीची आहे. झाडावरून कोवळा उतरवलेला आंबा पाण्यावर राहतो, चौदा आणे भरलेला तळाला जातो. म्हणजे फळ उतरवताना किती तयार होतं, एवढंच पाणी सांगतं. ते पुढे गवताच्या आढीत पिकलं, इथिलीनच्या खोलीत पिकलं की कुणी कार्बाइडची पुडी ठेवून पिकवलं, हे पाण्याला कळायचं काही कारण नाही. कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात. इथिलीन हा पिकताना फळ स्वतःच सोडतं तो वायू. तो १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, वापरायला परवानगी आहे. एवढ्या पाच-सहा वाक्यांत तो व्हिडिओ संपतो. पहिल्या रात्री तुम्ही बहुधा हेच लिहिलं असणार.

ते कुणी वाचलं, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी माझं एक सांगते.

२०२० साली करोनात, चतुर्थीच्या तोंडावर आपल्याकडे काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवत असेल. चाकरमान्यांनी गणपतीला यावं की नाही, आले तर चौदा दिवस वेगळं राहायचं की दहा, शाळेत राहायचं की घरात. गावचा माणूस मुंबईकराला रोग घेऊन येणारा म्हणत होता, मुंबईकर गावच्या माणसाला कृतघ्न म्हणत होता. मीही त्यात पडले. एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं की गावाला आमच्या मनीऑर्डरी चालतात, आम्ही चालत नाही. मी त्याला उत्तर दिलं: पडवीला आडोसा करून घरातच वेगळी सोय कशी होते, न्हाणी एकच असेल तर वेळा कशा वाटून घ्यायच्या, ताट उंबऱ्यावर कसं ठेवायचं, म्हातारी माणसं कुठे झोपवायची. त्याला त्यातलं काहीच नको होतं. मग सहा रात्री आम्ही एकमेकांना गावाचे आणि शहराचे उपकार मोजून दाखवले. त्याचा फोटोसुद्धा नव्हता, त्या जागी एक बोट होती. आज मला त्याचं नाव आठवत नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या वाडीतली एक बाई रेशनच्या रांगेत भेटली. तिचा दीर बायकोमुलांना घेऊन मुंबईजवळच्या दिव्याहून आला होता, आणि माझं ते पडवीचं वाचून तिने सगळी सोय तशी केली होती. सासूशी भांडून केली होती. मी विचारलं, पुढचं वाचलंस का गं? ती म्हणाली, “पयला वाचलंय, बरा लिवलंस. मगे तुमचा तेच तेच सुरू झाला, मी झोपलंय.”

ती झोपली त्याच्यापुढे मी आणखी पाच रात्री जागी होते.

या विषयावर झालेलं काम मी नंतर शोधून वाचलं. ते रांगेतल्या त्या बाईच्या बाजूने बोलतं. लेटिसिया बोडे आणि एमिली व्रागा या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला: कुणी खोटी माहिती टाकली, खाली दुसऱ्या कुणी ती आधार देऊन दुरुस्त केली, तर हे गप्प बसून पाहणाऱ्या तिसऱ्या माणसावर काय परिणाम होतो? २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग झिका विषाणूच्या अफवांवर होता. दुरुस्ती पाहिलेल्या लोकांचा गैरसमज कमी झाला, आणि त्यासाठी दुरुस्ती करणारा कुणी डॉक्टर असावा लागला नाही. साधी माणसं होती ती, तुमच्यामाझ्यासारखी.

तुमच्या घरी जे म्हटलं जातं, की कुणाला समजावून काय होणार, ते एका काळी संशोधकही म्हणत होते. २०१० साली ब्रेंडन नायहॅन आणि जेसन रायफ्लर यांना एका अभ्यासात असं दिसलं की काही बाबतीत चूक दाखवून दिली तर माणूस तिलाच अधिक घट्ट धरतो. ही गोष्ट इतकी पसरली की समजावणं म्हणजे आगीत तेल ओतणं, असं लोक शास्त्राच्या नावाने सांगू लागले. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १० हजारांहून अधिक माणसांवर ५२ मुद्दे तपासून पाहिले. २०१९ साली ते छापून आलं. तसा उलटा परिणाम त्यांना एकाही मुद्द्यावर आढळला नाही. खरी माहिती समोर आली की माणसं बहुतेक वेळा थोडी तिच्याकडे सरकतात. पक्ष बदलत नाहीत, देव बदलत नाहीत, पण त्या एका गोष्टीपुरती सरकतात. म्हणून तुमच्या बायकोला माझा निरोप सांगा की तिचं निम्मं बरोबर आहे.

तिचं बरोबर असलेलं निम्मं हे. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इंटरनेटवरच्या अशा जागेवरचे संवाद तपासले जिथे माणसं आपणहून आपलं मत मांडतात आणि म्हणतात, हे बदलून दाखवा. बदललं तर तशी खूणही करतात. त्यात दिसलं की एक-दोनदा देवाणघेवाण झाली तर मत बदलायची शक्यता वाढते, आणि चार-पाच फेऱ्यांच्या पुढे ती जवळजवळ संपते. ही तर मत बदलायला तयार होऊन आलेली माणसं. तुमच्यासमोर नऊ रात्री जो होता, तो तयार होऊन आलेला नव्हता. पाचव्या फेरीनंतर तुम्ही त्याला आंब्याबद्दल काही सांगत नव्हता, आणि तोही काही विचारत नव्हता. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायलाच बसतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायचं, ती वितंडा. पहिली रात्र वादाची होती. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तुम्ही जल्पात शिरलात. त्याचं ‘तुझ्या बापानेही’ ही वितंडा, तिला आंब्याशी काही देणंघेणं उरलेलं नव्हतं.

कणकवलीजवळच्या आमच्या वाडीत माझ्या आजोबांचं आणि शेजारच्या घराचं गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या धोंड्यांच्या कुंपणावरून, भांडण होतं, मी जन्मायच्या आधीपासूनचं. गडगा दोन हात इकडे सरकला की तिकडे, एवढाच मुद्दा. पावसाच्या आधी एकदा तोंडातोंडी व्हायची आणि फणस धरला की दुसऱ्यांदा, कारण फणसाची फांदी गडग्यावर वाकलेली होती. मी ते ऐकायला पुढच्या पायरीवर बसत असे. आजोबा रागीट, पलीकडचा माणूस त्यांच्याहून रागीट. पण आज आठवून बघते तर त्या भांडणाला स्वतःचा एक गडगा होता. एकमेकांच्या घरातल्या बाईचं नाव दोघांनी कधी घेतलं नाही. गेलेल्या माणसाला कुणी मध्ये ओढलं नाही. दिवेलागण झाली की आवाज बंद. एका श्रावणात गडगा दहा-बारा हात ढासळला. दोघांनी मिळून धोंडे रचले, एक शब्द न बोलता, कारण दोघांची गुरं एकमेकांच्या भातात शिरत होती. पुढच्या मे महिन्यात पुन्हा भांडले. ते मिटलं नाही कधीच. आजोबा गेले तेव्हाही मिटलेलं नव्हतं, पण तिरडीला बांबू पलीकडच्या बेटातून आले.

ती माणसं फार थोर होती म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांना दुसरा दिवस होता. विहीर एक, पाणंद एक, देवळातलं गाऱ्हाणं एक. आज तोंडातून गेलेला शब्द उद्या सकाळी कळशी घेऊन समोर उभा राहणार, हे दोघांना माहीत होतं. तुमच्या त्या माणसाला तुमच्या विहिरीवर कधी यायचं नाही. त्याची गुरं तुमच्या भातात जाणार नाहीत. म्हणून त्याच्या हातात जे येईल ते तो फेकतो, आणि नवव्या रात्री तुम्हीही फेकलंत.

जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ सालीच याची कारणं मांडून ठेवली होती. नाव झाकलेलं असतं, चेहरा दिसत नाही, बोलल्या क्षणी उत्तर ऐकावं लागत नाही, आणि हळूहळू समोरचा माणूस आपल्याच डोक्यातला एक आवाज होऊन जातो. हे शेवटचं मला फार खरं वाटतं. रात्री दोन वाजता मांगरात एकटं बसून तुम्ही ज्याच्याशी भांडत होता, त्याला आवाज तुमचाच होता. आता याच्या उलट बाजूचंही एक निरीक्षण आहे. अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बँग पीटरसन यांनी डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या लोकांचा अभ्यास करून २०२२ मध्ये लिहिलं की राजकीय वादात जी माणसं पडद्यावर खुनशीपणे बोलतात ती प्रत्यक्षातही तशीच बोलतात, पडद्यावर ती सगळ्यांना दिसतात एवढाच फरक. दोन्ही वाचून मला असं वाटतं की तो माणूस कदाचित त्याच्या दारातही तसाच असेल, आणि त्याला तुम्ही बदलणार नव्हता. पण तुम्ही तसे नाही. तुम्ही दिवसभर आंबे उतरवायचा झेला धरून दमलेला, दोन वर्षांपूर्वी वडील गेलेला माणूस, आणि ज्या कलमांखाली बसला होता ती त्यांनीच लावलेली.

म्हणून त्या शब्दाकडे येऊ.

तुम्ही तो त्याला लिहिलात, पण जिच्यावर लिहिलात ती बाई त्या भांडणात नव्हतीच. तिने ना आंबा घेतला ना व्हिडिओ टाकला. त्याने तुमच्या वडिलांना ओढलं हे वाईटच केलं. तरी त्याचा हिशेब तिच्या खात्यावर लागत नाही. हे तुम्हाला कळतं, नाहीतर तुम्ही मला ते लिहिलंच नसतं. तो शब्द काढून टाका, पण गुपचूप नको. जिथे लिहिला त्याच्याच खाली लिहा: ‘मी इथे तुमच्या आईबद्दल वाईट शब्द लिहिला होता. ते चुकलं. माफी मागतो.’ बस, एवढंच. ‘पण तुम्हीही’ हे दोन शब्द त्यात येऊ देऊ नका, आणि आंब्याचा विषय तर अजिबात नको. तो यावर हसेल, आणखी काही लिहील, किंवा गप्प राहील. तिन्ही चालेल. त्या माफीला त्याच्या उत्तराची गरज नाही. ज्या शेकडो लोकांनी तो शब्द वाचला, त्यांतल्या काहींनी तरी देवगडचा बागायतदार म्हणजे असा, असं मनात धरलं असेल. त्यांना ती माफी दिसू दे.

आता एक गोष्ट तुम्हाला टोचेल, तरी लिहिते. त्या माणसाचा राग कुठून आला, याचा विचार नऊ रात्रींत केला होता का? मला शक्यता दिसते ती अशी: त्याने कधीतरी चांगले पैसे मोजून देवगड हापूसची म्हणून पेटी घेतली असेल, वरच्या थरात मोठं फळ आणि खाली सुरकुतलेलं बारीक फळ निघालं असेल. किंवा आतून साका, म्हणजे बिघडलेला पांढरट गर, निघाला असेल. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाच्या खोक्यात भरला जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गिऱ्हाइकाला तुम्ही आणि तो भरणारा वेगळे दिसत नाहीत. त्याला फक्त खोक्यावरचं नाव दिसतं.

आणि औषधाचं. मोहोर दरवर्षी आणि लवकर यावा म्हणून पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती मातीत पॅक्लोब्युट्राझोल घालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्याबद्दल शिफारस आहे, प्रमाण झाडाच्या घेराप्रमाणे ठरलेलं आहे, आणि त्याचा फळ पिकवण्याशी संबंध नाही. पण कुणी विचारलं, ‘झाडाला काही घालता का?’ तर आपल्याकडचा माणूस पटकन म्हणतो, छे, सगळं नैसर्गिक. मग कुठूनतरी त्याला खरं कळतं आणि तो तुमचं कार्बाइडबद्दलचं खरं बोलणंही खोटं धरतो. तुम्ही घालत असाल तर सांगा की घालतो, कधी घालतो, किती घालतो, कशासाठी घालतो. त्याच्या बोलण्यात जेवढं खरं आहे तेवढं पहिल्याच उत्तरात कबूल करा. गप्प बसून वाचणाऱ्याला एवढ्यावरून कळतं की दोघांपैकी विश्वास कुणावर ठेवायचा.

काही विषय मात्र असे आहेत की तिथे मी पहिलं उत्तरही द्यायचं सोडून दिलंय. राजापुरात आधी नाणार आणि मग बारसूच्या रिफायनरीवरून गावागावांत तट पडले. त्यात बाहेरून येऊन लिहिणाऱ्याला कातळावर कोणाचं काय आहे ते माहीत नसतं, आणि ते एका उत्तरात सांगताही येत नाही. ते ग्रामसभेत बोलायचं, ज्यांचे सातबारे आहेत त्यांच्यासमोर. जातीवरून, धर्मावरून कुणी खाजवलं तर तेही तसंच सोडते. जिथे माझ्या हातचं, डोळ्यांसमोरचं काही सांगता येतं तिथेच मी लिहिते. तुम्हाला आंब्याबद्दल तसं सांगता येतं, आणि तसं सांगू शकणारी माणसं थोडी आहेत. व्हिडिओ बनवणाऱ्याने कदाचित आयुष्यात कधी आढी घातलेली नाही.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, सगळं बंद करू का, याला मी नको म्हणते. तुम्ही गप्प बसलात तर तो व्हिडिओ तिथे एकटाच राहतो. पनवेलमध्ये बसून कुणी आई मुलाला आंबा द्यावा की नाही म्हणून तो बघत असेल, तिला खाली सांगणारं कुणी भेटणार नाही. माझं म्हणणं इतकंच की दोन उत्तरं द्या. पहिल्यात माहिती, दुसऱ्यात त्याने खरोखर काही विचारलं असेल तर त्याचा खुलासा. तिसरं लिहायचं नाही, त्याने काहीही म्हटलं तरी. शेवटचा शब्द त्याच्याकडे राहिला तर राहू दे. रेशनच्या रांगेतल्या बाईने शेवटचा शब्द कुणाचा हे पाहिलंच नव्हतं.

आणि रात्री लिहायचं नाही. राग आला तर कागदावर लिहून ठेवा, वहीत, जिथे पेट्यांचा हिशेब लिहिता तिथेच. सकाळी चहा झाल्यावर वाचा आणि मग पाठवायचं तर पाठवा. गावातल्या भांडणाला दुसरा दिवस आपोआप मिळतो, इथे तो आपल्याला आणावा लागतो. माझा अनुभव असा की रात्री लिहिलेल्या चारांतली तीन उत्तरं सकाळी मला पाठवावीशी वाटत नाहीत, आणि जे चौथं पाठवते ते निम्म्याने लहान झालेलं असतं. आता पावसात तुमचे हात थोडे मोकळे असतील. पाण्याचं, कार्बाइडचं, इथिलीनचं, मोहोराच्या औषधाचं, सगळं एकदाच शांतपणे नीट लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये तेच पुनःपुन्हा चिकटवा. दर वेळी नव्याने जीव जाळायला नको.

कुणी खरोखर विचारत असेल तर लिहिण्याऐवजी आवाज पाठवा. ज्युलियाना श्रोडर, मायकेल कर्डास आणि निकोलस एप्ली यांनी २०१७ साली केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार उपयोगी वाटला. ज्याचं मत आपल्याला पटत नाही त्याचं म्हणणं वाचलं तर तो आपल्याला अविचारी, थोडा कमी माणूस वाटतो. तेच म्हणणं त्याच्या आवाजात ऐकलं तर तसं कमी वाटतं. शब्द तेच असतात, आवाजाने फरक पडतो. तुमचा मालवणी हेल, मागे कलमांतला वारा, एखादा गडी हाक मारतोय, हे सगळं त्या मिनिटभराच्या आवाजात जाईल. मुंबईत बसलेल्या माणसाला तेवढ्यावरून कळेल की हा खरा कुणीतरी आहे. त्या नऊ रात्रींच्या माणसाला मात्र पाठवू नका, त्याच्याशी तुमचं माफीपुरतंच उरलंय.

ती माफी लिहिण्याआधी मुलीला सांगा.

तिने तुम्हाला काही म्हटलं नाही म्हणजे ती विसरली असं नाही. नववीतली मुलगी मोबाइलवर काय चालतं ते तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त पाहते. तिला कदाचित रोज कुणीतरी तसले शब्द लिहिताना दिसतात, आणि ते लिहिणारी माणसं कशी असतात याचा तिचा एक अंदाज असेल. आपले बाबा त्यांतले नाहीत, हे तिने आजवर धरून ठेवलं असणार. म्हणून तिच्याशी बोलताना त्या माणसाने काय लिहिलं होतं तिथून सुरुवात करू नका. मी तसं लिहिलं, ते लिहायला नको होतं, आज त्याची माफी मागणार आहे, एवढंच आधी सांगा. वाक्य तिला दाखवा. तिला एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदलू द्या.

मग तिने विचारलं, की बाबा, तुम्ही एवढे का चिडलात, तर तिला आजोबांबद्दल सांगा. कुठलं कलम त्यांनी कधी लावलं, पाणी कुठून आणलं, पहिली पेटी वाशीला गेली तेव्हा दलालाची पट्टी किती आली. तिने तुमचा शब्द वाचला, पण त्याच्या वरची ओळ वाचली का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा वाचली नसेल.